दुसरी सीट

मे महिन्यात टार्टूत रात्री दहालाही उजेड असतो.
खिडकीखाली लायलॅक फुललंय,
आणि मी तक्रारी उघडते
जशी कुणी खरकटी भांडी घासायला घेतं:
आधी चमचे, कढया मागाहून.

हिउमा बेटाच्या फेरीबोटीचं तिकीट.
इतकंच तर बनवतो आम्ही, चौघं मिळून.
नाव, तारीख, गाडी आहे की नाही, पैसे.
सहा महिन्यांत होईल, असं मीच म्हणाले होते,
चार वर्षांपूर्वी.

एकानं लिहिलं, अक्षरं मुंगीएवढी आहेत.
केली मोठी.
आता एकीच्या जुन्या फोनवर
'पैसे भरा' मावत नाही, नुसतं 'पैसे भ'.
एका गृहस्थांना लाल-हिरवं सारखंच दिसतं;
रद्द झालेल्या बोटीची वाट पाहत
ते तासभर धक्क्यावर उभे होते, वाऱ्यात.
त्यांनी शिवी दिली नाही.
तेच जास्त लागलं.

काउपो म्हणतो, सगळ्यांच्या मापाचा अंगरखा
शिवायला बसलं की त्याचा तंबू होतो,
आणि तंबू नेसून कोणी बोटीवर चढत नाही.
खरं आहे.
पण तो स्वतः डावखुरा,
आणि ऑफिसातली कात्री
त्याच्या हातात कधीच कापत नाही.

मग ते जोडतिकिटांचं प्रकरण.
एकच नाव, एकच बोट,
मिनिटभरात दोन तिकिटं, दर उन्हाळ्यात.
आम्ही म्हटलं, म्हाताऱ्याची बोटं थरथरत असतील.
मी नियम लिहिला, अकरा ओळींचा.
एका नावाला एक तिकीट.
सगळ्या चाचण्या पास झाल्या, काउपोनं केक आणला,
त्या रात्री मी गाढ झोपले.

मंगळवारी हेल्दुर टाम्बेट यांचं पत्र आलं.
कागदावर, शाईनं, टपालानं.
'मुली, माझी बोटं थरथरत नाहीत.
एक्क्याऐंशीव्या वर्षी सुईत दोरा ओवतो.
दुसरी सीट पेटीसाठी घेतो.
पेटीत मधमाश्या असतात.
खाली गाड्यांच्या मजल्यावर इंजिन गुरगुरतं,
त्यांना ते अस्वल वाटत असावं.
वर खिडकीपाशी शहाण्यासारख्या बसतात.
तिकीटखिडकीवरची एंडला तीस वर्षं
काही न विचारता दोन तिकिटं फाडून द्यायची.
तुमचं यंत्र म्हणतं, तुम्ही आधीच बोटीवर आहात.
मी आहे हो.
त्या नाहीत.'

पत्र टेबलावर. चौघं भोवती.
मधमाश्यांसाठी एक चौकोन टाकूया, मेर्ले म्हणाली.
मग शेळीसाठी? मग चेलोसाठी?
मग अस्थींच्या कलशासाठी, ज्याबद्दल
कोणी पत्रसुद्धा लिहिणार नाही?

मी अकरा ओळी पुसल्या.
त्या जागी एक प्रश्न ठेवला:
या बोटीचं तिकीट तुमच्याकडे आहे. आणखी एक हवं?
हो. नाही.
कशाला, ते विचारलं नाही.

दोन दिवसांनी लीडिया पार्नपू यांचा फोन.
त्यांना दिसत नाही, फोन त्यांना वाचून दाखवतो,
आणि आमच्या प्रश्नाशी येऊन तो मुका होतो.
'कोणीतरी दारात उभं आहे, पण बोलत नाही,
असं वाटलं,' त्या म्हणाल्या.
पहाटे तीनला प्रश्नाला आवाज दिला.
बाहेर तेव्हा उजाडूही लागलं होतं.

जूनमध्ये मी बोटीत बसले, सुट्टीला म्हणून.
खिडकीपाशी निळी पेटी, जाळीदार झाकणाची,
शेजारी एक म्हातारा गाजर सोलत होता.
मी ओळख दिली नाही.
इतक्यात खिशात फोन थरथरला. नवी तक्रार:
'सीट बारा. शेजारी मधमाश्या आहेत.
मला ॲलर्जी आहे. अशा वेळी काय करायचं,
ते तुमच्या ॲपमध्ये कुठेच नाही.'

मान वर केली.
बारावर शाळकरी मुलगा, हातात फोन,
नजर पेटीवर.
मी उठले. माझी जागा त्याला दिली,
बारावर जाऊन बसले.
म्हाताऱ्यानं न बघता गाजराचा तुकडा पुढे केला.

हे कुठल्या ओळीत लिहायचं,
अजून ठरलेलं नाही.